भिंतीवरचा फर्मा

कूलर लावला की कपाटाचं दार अडतं. मुलगा म्हणतो, सुताराकडून तासून घेऊ. मी म्हणतो, आधी कूलर सरकव.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी, एकोणीसशे तीसच्या आसपास, सोलापुरात मी हातमाग बनवणाऱ्या कारखान्यात सुतारांवरचा मिस्त्री होतो. मागाच्या लाकडांवर भोकांच्या जागा आखायचा रुंद सागवानी फर्मा भिंतीवर टांगलेला असे. एका वैशाखात सिद्धाप्पा सुताराची भोकं एकमेकांपासून सूतभर लांब पडू लागली. मी त्याला चारचौघांत झापलं.

“मिस्त्री, माजा हात चुकला न्हाय. फर्मा फुगलाय,” तो म्हणाला.

“असल्या उन्हात लाकूड फुगतं व्हय रे?” मी विचारलं. सगळे हसले. त्यानं आपली पटाशी पुसून पिशवीत ठेवली आणि तो काम सोडून गेला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचीही भोकं तशीच पडली, तेव्हा मी स्वतः फर्मा उतरवला. फर्म्याची पाठ हाताला गार लागली. भिंतीपलीकडे विणकरांचे माग होते. उन्हाळ्यात धागा तुटू नये म्हणून ते जमिनीवर पाणी शिंपडत. ती ओल भिंतीतून लाकडात उतरली होती.

फर्मा समोरच्या भिंतीवर टांगला, तो चार दिवसांत मापावर आला. सिद्धाप्पाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. मिस्त्रीनं माफी मागायला कसं जायचं, म्हणून मी गेलो नाही.