बिनआवाजाचा फिल्टर

"थांबा," म्हणून चाचा उजव्या हाताचं बोट वर करायचे, डोळे बारीक करायचे, आणि माझ्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं उगाचच गप्प व्हायची. वही मागणारा मागता मागता थांबायचा. थोड्या वेळानं चाचांचं बोट खाली यायचं आणि निकाल लागायचा.

"आवाज हाय, ताई. न्हाई चालनार."

आवाज म्हणजे माशाच्या टाकीतल्या फिल्टरचा. आणि तो चालणार नाही असं म्हणणारा माणूस कोण, तर ज्यानं उभी हयात भोर-वेल्ह्याच्या कानठळ्या बसवल्या तो. लग्न असो, उरूस असो, सप्ताह असो की निवडणूक, मार्गासनीपासून किकवीपर्यंत कर्णे चाचांचे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं त्यांच्याच कर्ण्यातून झाली. ती इतकी मोठ्यानं झाली की भटजी काय म्हणाले ते मला आजतागायत माहीत नाही. संसार मात्र त्याच्याच भरवशावर चालू आहे.

भोंगवलीच्या एका निवडणुकीची गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. दोन्ही पार्ट्यांनी एकाच संध्याकाळी त्यांचेच कर्णे घेतले होते. गडबडीत वायरी उलट्यासुलट्या लागल्या आणि ह्या पार्टीचं भाषण त्या पार्टीच्या मंडपात वाजलं. "दोन्हीकडं टाळ्या पडल्या, ताई. कुनाला काय बी कळलं न्हाई. म्याच घाबरून वायरी सरळ केल्या, तवा दोन्हीकडची मान्सं म्हनली, आता आवाज बिघडला."

असा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याच्याशिवाय कार्य होत नाही आणि तो घरी गेल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही.

आमचं दुकान खरं तर स्टेशनरीचं. मासे ही आमच्या ह्यांची करणी. ह्यांना वर्षाआड नवा धंदा सुचायचा. घरात मासे ठेवले की लक्ष्मी येते असं त्या काळात जो तो सांगत होता, म्हणून हे पुण्याहून टाक्या, फिल्टर, रंगीत खडे आणि मासे घेऊन आले. थोड्याच दिवसांत ह्यांना झेरॉक्सचं मशीन सुचलं आणि मासे माझ्या गळ्यात पडले. लक्ष्मी अजून वाटेत आहे.

त्याच सुमारास चाचींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड थोडं वाकडं झालं आणि आवाज पार बसला. चाचींचा आवाज आधीही बारीकच होता. चाचांच्या घरात दुसऱ्या कुणाचा आवाज मोठा व्हायला जागाच नव्हती म्हणा. आता तर ओठांपाशी कान नेल्याशिवाय काही कळेना. डॉक्टर म्हणाले, पडून पडून कंटाळतील, डोळ्यांपुढं काहीतरी हलतं असू द्या. चाचांनी आधी टीव्ही लावला. चाचींनी खुणेनंच तो बंद करायला लावला. जन्मभर ऐकलं तेवढं पुरे, असं त्या म्हणाल्याचं चाचांनीच मला सांगितलं, आणि सांगताना हसले.

म्हणून मासा. चाचांनी लाल फायटर निवडला. तो एकटाच ठेवावा लागतो, दुसरा मासा दिसला की मारामारी करतो, हे ऐकून तर त्यांना तो फारच पसंत पडला.

"फायटरला फिल्टर नसला तरी चालतं, चाचा," मी धंद्याचं नुकसान करून खरं ते सांगितलं. "बाटलीतसुद्धा जगतो. पाणी बदलत राहायचं."

"बाटलीत जगतो म्हनून बाटलीत कोंडायचा व्हय?" चाचा म्हणाले. "आमची चाची बी खाटंवर जगती आता." मग त्यांनी मान फिरवली आणि खडे बघू लागले. मी गुपचूप फिल्टर काढून दिला.

दोन दिवसांत चाचा तो डबा घेऊन परत आले. मोटरचा फिल्टर होता तो, पाण्यात बुडवून काचेला चिकटवायचा. त्याच्या झोतानं फायटर बिचारा आपल्या लांबलचक शेपटीसकट कोपऱ्यात फेकला जात होता. पण चाचांची तक्रार वेगळीच होती.

"काल तिनं पानी मागितलं, ताई. किती येळ मागत व्हती कुनास ठावं. म्या तिथंच बसून पेपर वाचत व्हतो. शेजारीन आत आली म्हनून कळलं. ह्याच्या घरघरीत तिचा आवाज बुडतोय."

चाचा घाबरले होते. एवढ्या गडगडाटी माणसाला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. त्यांचं मागणं साधं होतं. चाचींनी हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे, बस्स.

तिथून आमच्या परीक्षा सुरू झाल्या. कर्णे बांधून झाले की चाचा एका माणसाला पार गावाच्या टोकाला पाठवायचे आणि त्याला ऐकू आलं की तो टॉवेल हलवायचा, अशी त्यांची जुनी रीत. माझ्या दुकानात ती उलटी झाली. फिल्टर चालू करून मी टाकीजवळ उभं राहायचं, चाचांनी दाराशी, आणि मी होईल तितकं हळू काहीतरी बोलायचं. ऐकू आलं तर फिल्टर पास. आता हळू बोलणं मला सासरीसुद्धा कधी जमलं नाही. पण चाचा सोडणारे नव्हते.

"आनिक हळू. आनिक. आन् कायतरी नवं बोला. ठरलेलं नगं. ठरलेलं बहिऱ्याला बी ऐकू येतं."

मी कुजबुजले, "चाचा, दाढीची मेंदी डावीकडं उडालीय."

"संपली व्हती," चाचा दारातून म्हणाले. "बाजारच्या दिवशी आनतो. हा फिल्टर पास."

दुकानातली माणसं हसत होती. एक मास्तर तर खडूचा डबा हातात धरून पुढच्या वाक्याची वाट बघत उभे होते.

पास झालेला फिल्टर स्पंजाचा होता. बाहेर छोटा पंप, त्याची हवा नळीनं पाण्यात, स्पंजातून नुसते बुडबुडे. फायटरला झोत लागत नाही. पंप टेबलावर ठेवला की टेबलच घुमायला लागतं, म्हणून चाचांनी तो सुतळीनं खिळ्याला टांगला. कर्ण्याच्या माणसाला टांगायला कोण शिकवणार? आवाज खरंच निम्म्यावर आला. तरी आठवड्यात चाचा परत.

"दुकानात ब्येस चालतोय. घरी गेला की बिघडतो. तिचं काय बी ऐकू येत न्हाई."

मग त्यांनी डोकं चालवलं. नळी लांब घेतली आणि पंप खिडकीबाहेर खाली ओट्यावर ठेवून दिला. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट गेली, हवा थांबली, आणि टाकीतलं पाणी नळीतून उलटं उतरत जाऊन पंपात शिरलं. पंप जळाला. ओट्यावर पाणी आणि टाकीत मासा टेकेल इतकंच पाणी, अशी अवस्था. चाचा बाटलीत फायटर आणि पिशवीत मेलेला पंप घेऊन आले. "चाची लई हसली पन," म्हणाले. "आवाज न्हाई आला. पोट हलत व्हतं."

मी उलटं पाणी अडवणारा छोटा वॉल नळीत बसवून दिला आणि त्यातल्या त्यात शांत असा नवा पंप काढला. परीक्षा झाली. मी "ह्यांचं झेरॉक्स मशीन भंगारात घालणार आहे" असं कुजबुजले आणि चाचा दारातून म्हणाले, "त्यांना नगा सांगू, जीव हाय त्येंचा त्याच्यावर." फिल्टर पास. घरी गेल्यावर पुन्हा नापास.

मला आता फिल्टरपेक्षा ह्या प्रकाराचीच चीड यायला लागली होती. एकच वस्तू पेठेत मुकी आणि दोन गल्ल्या सोडून बोलकी कशी होते?

उत्तर मिळालं ते लाइट गेल्यामुळं. दुपारची वेळ, दुकानात चाचा आणि मी दोघंच. सगळे पंप बंद, पंखा बंद, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टाही थांबलेला. मी स्टुलावर चढून, भिंतीकडं तोंड करून, वरच्या फळीवर माशांच्या खाण्याची डबी शोधत होते. "चाची आता उठून बसतात का?" मी विचारलं. उत्तर नाही. वाटलं, विचारात असतील. पुन्हा विचारलं, माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्त्यावर ऐकू जाईल अशा. उत्तर नाही. मी मान वळवली. चाचा माझ्याकडं पाठ न करता, अगदी समोर उभे राहून, फायटरच्या बाटल्या बघत होते.

मग त्यांनी वर बघितलं. मी अगदी हळू, जेमतेम ओठ हलवून तेच विचारलं.

"बसती की. सकाळच्या पारी उशी लावून बसवतो," चाचा म्हणाले.

डबी हातात घेऊन मी स्टुलावरच उभी राहिले. दुकानात चाचा माझं तोंड बघत होते. घरी टाकी भिंतीला लावलेली, चाची मासा बघायला भिंतीकडं कुशीवर वळलेल्या, आणि चाचा त्यांच्या पाठीशी खुर्ची टाकून बसलेले. पाठीमागून ओठ कसे दिसणार?

मी खाली उतरले. हे कसं सांगावं ते मला कळेना, म्हणून जसं येतं तसंच सांगितलं. "चाचा, माझे फिल्टर नापास नव्हते."

चाचांनी समोरची बाटली उगाच सरळ केली. मग म्हणाले, "म्हाईत हाय."

"मग हेलपाटे कशाला घातलेत एवढे?"

"फिल्टर बदलून मिळतो, ताई," चाचा म्हणाले. "कानाचं काय?"

कानाचं मशीन त्यांनी पुण्याहून आणून पाहिलं होतं. ते शिट्टी मारायचं. माइक कर्ण्यासमोर धरला की मारतो तशी. "जलमभर त्या शिट्टीशी भांडलो. आता तिलाच कानात घिऊन बसू व्हय?" असं म्हणून त्यांनी ते डबीत ठेवलं आणि सगळं खापर फिल्टरवर फोडलं. आपण नाही का असं करत? चष्म्याचा नंबर वाढला की पेपरवाल्यांनी शाई पातळ केली म्हणतो.

मी एवढंच म्हणाले, "चाची ज्या बाजूला तोंड करतात, त्या बाजूला बसा की."

"त्या बाजूला मासा हाय," चाचा म्हणाले. "त्योच काय तो तिला करमनूक." आणि माशाचं खाणं न घेताच निघून गेले.

पुढच्या आठवड्यात निरोप आला, चाचांनी घरी बोलावलंय. गेले. दारातून आत पाहिलं आणि आधी मला काही उमगेना. चाचांनी टाकी भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणली होती, ॲम्प्लिफायरच्या जुन्या लोखंडी पेटीवर ठेवली होती. तिच्या अलीकडं खाट आणि चाची. पलीकडं, भिंत आणि टाकीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, गुडघे पोटाशी घेऊन चाचा. पंप आढ्याला टांगलेला होता आणि खुशाल घरघरत होता. त्याच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं.

चाची मासा बघत होत्या. चाचा पाण्यातून चाचींचे ओठ बघत होते. ओठ एका बाजूनं वाकडे, मध्ये पाणी, त्यात बुडबुडे. परीक्षा माझ्या दुकानातल्यापेक्षा कितीतरी अवघड होती. फायटर मध्ये आला की चाचा काचेवर बोट टेकवायचे. "सरक की रे बाबा, ती बोलतीय."

चाची माझ्याकडं बघून काहीतरी पुटपुटल्या. मी खाली वाकून कान जवळ नेला.

"लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा," चाची म्हणत होत्या, "ह्यो मानूस माजं बोलनं ऐकतोय."

"दिसलं, दिसलं!" पाण्यापलीकडून चाचा ओरडले. "ताईंसमोर तरी नगं!"

चाचींचं पोट हलायला लागलं. मी हसले आणि मग माझे डोळे भरून आले, ते पुसायला मी अंगणात गेले.

दीड-दोन वर्षं हे असं चाललं. मध्ये तो पहिला फायटर मेला. चाचांनी तसाच लाल दुसरा नेला आणि चाचींना सांगितलं नाही. चाचींना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, त्यांनीही सांगितलं नाही. पंप, स्पंज, नळी काहीच पुन्हा परत आलं नाही. कर्ण्यांचा धंदा चाचांनी पुतण्याला देऊन टाकला. पुतण्यानं माणसाच्या उंचीच्या पेट्या आणल्या, आणि चाचांच्या काळी किती शांतता होती, असं लोक म्हणू लागले.

चाची थंडीत गेल्या.

महिनाभरानं चाचा दुकानात आले. दाढी पांढरी झाली होती, मेंदी लावलीच नव्हती. हातात बाटली, बाटलीत फायटर. लेकीकडं किकवीला चाललोय, म्हणाले. टाकी, पंप मागनं टेम्पोनं पाठवतो, कुणाला तरी द्या.

"मासा तरी न्या, चाचा," मी त्यांच्या समोर उभी राहून सावकाश बोलले. "तेवढीच सोबत."

चाचांनी बाटली काउंटरवर ठेवली.

"न्हाई, ताई. म्या तिथंच बसतो की अजून, टाकीच्या मागं. सव लागलीय. आन् ह्यो दिसभर समोर तोंड हलवतो." त्यांनी बाटलीकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "उघडतो, मिटतो, उघडतो. मला वाटतं, काय म्हनतोय. लई येळ बघत ऱ्हातो."

एवढं बोलून ते पायरी उतरले. मी मागून हाक मारली, चहा तरी घ्या म्हणाले. ते सरळ एसटी स्टँडकडं चालत राहिले.