भज्यांच्या गाड्यापुढची शाळा

कोरेगावच्या आठवडी बाजारात मी तो मेंढपाळ एकदाच पाहिला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात दोरी आणि दोरीला वर्षाचं उनाड कुत्रं. भज्यांच्या गाड्यापुढं तो मुद्दामच उभा होता. कुत्र्याची मान कधी कढईकडे, कधी कोंबड्यांच्या पाटीकडे, तर कधी माझ्या नव्या चपलेकडे. मी पाय मागे घेतला. तो मात्र ओरडला नाही की दोरीला हिसका दिला नाही. जिभेनं 'टॉक्' करायचा आणि वाट बघायचा. कुत्र्यानं वळून त्याच्याकडं पाहिलं की भाकरीचा तुकडा.

"एवढ्या गर्दीत कशाला शिकवताय?" मी विचारलं.

"मेंढरं घिऊन ह्याच रस्त्यानं जायाचं हाय. हे भज्याला भुललं, तर मेंढरं ट्रकखाली." मग हसला. "नजर जाऊ द्या की, कुत्रंच हाय त्ये. पर म्हागारी आली पायजे."

तेवढ्यात समोरून कुणीतरी काळाभोर मेंढा नेला. झालं! ह्यानं दोरी टाकली आणि थेट मेंढ्याचं तोंड उघडून दात बघायला लागला. शिंगं चाचपली, लोकर कुरवाळली, गप्पा रंगल्या. कुत्रं गर्दीतून वाट काढत गेलं, त्याच्या पायाशी बसलं आणि टक लावून त्याच्या तोंडाकडं बघत राहिलं.

मी जवळ जाऊन म्हणालो, "काय पाव्हणं, नजर म्हागारी आली का?"

तो दचकला आणि मग खो खो हसला. भाकरीचे दोन तुकडे केले. एक कुत्र्याला दिला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

"आली की!"