चौगुले बाईंचा जोडीचा नियम

चौगुले बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे खरा, पण बाईंनी या सत्काराला आधी साफ नकार दिला होता, हे वाचकांना सांगायलाच हवं. त्या नकाराचा होकार कसा झाला ते सांगायचं, तर मला त्यांच्या वर्गातल्या माझ्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल.

कोल्हापूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत बाई आठवीला इंग्रजी शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवला. त्यावर एक इंग्रजी शब्द. म्हणाल्या, "आपापला शब्द मोठ्यानं म्हणत फिरा. जिचा शब्द तुमच्यासारखाच ऐकू येईल, ती तुमची जोडी. अर्थ मात्र वेगळे असणार, ते शोधून मला सांगायचे." झालं! चाळीस मुली एकदम ओरडायला लागल्या. शेजारच्या वर्गावरचे सर घाबरून दारात येऊन उभे राहिले. मी 'फ्लॉवर, फ्लॉवर' करत फिरत होते आणि सुजाता नावाची एक मुलगीही तेच ओरडत होती. आम्हाला तोवर फ्लॉवर म्हणजे मंडईतली भाजीच ठाऊक. बाईंनी सांगितलं, सुजाताच्या पुठ्ठ्यावरचं ते फूल आणि माझ्या पुठ्ठ्यावरचं ते पीठ. मला रडूच आलं. "हिला फूल आणि मला पीठ का ओ, बाई?" तर म्हणाल्या, "फुलानं पोट भरतं काय गं? बस गुमान."

जोडीनं वर्षभर एका बाकावर बसायचं. आणि बाईंचा नियम एकच. जोडीतली एक गैरहजर राहिली, तर दुसरीनं त्याच संध्याकाळी तिच्या घरी जायचं आणि ती का आली नाही ते सकाळी बाईंना सांगायचं.

"सारखं ऐकू आलं म्हणून सारखं समजू नका, पुढचं ऐका," हे बाईंचं पालुपद. ते नुसत्या शब्दांपुरतं नव्हतं. एकदा चाचणीच्या दिवशी दोघी मुली एकदमच "बाई, डोकं दुखतंय" म्हणाल्या. दुसरं कुणी असतं तर दोघींना नाटकी ठरवून मोकळं झालं असतं. बाईंनी एकेकीला बाहेर नेऊन विचारलं. एकीचा अभ्यास झालेला नव्हता, दुसरी सकाळपासून उपाशी होती. पहिलीला पेपर मिळाला, दुसरीला बाईंचा डबा. पहिली मी होते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी शाळेत गेलेच नाही. वडील लहानपणीच गेलेले. आई एका दवाखान्यात आया होती, तिला संध्याकाळची पाळी लागली. वयात आलेली पोर एकटी घरी कशी ठेवायची, म्हणून तिनं मला कबनूरला आत्याकडे पाठवलं. आत्याच्या घरी माग होते. मी कांड्या भरायला लागले, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं. आपली शाळा संपली, असं मी मनाशी धरूनही टाकलं होतं.

नियमाप्रमाणे सुजाता आमच्या घरी गेली, तर कुलूप. शेजारणीनं कबनूर सांगितलं. रविवारी मागांच्या खडखडाटात दारात बघते, तर चौगुले बाई उभ्या! त्यांच्या पदराआड सुजाता.

"या की बाई, च्या घ्या," आत्या म्हणाली. "पर पोरगी काय यायची न्हाय, आदीच सांगते."

शिक्षणाच्या महत्त्वाबद्दल वगैरे बाईंनी चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, "मी हिला न्यायला नाही आले. या दुसरीला कुणाशेजारी बसवू, तेवढं विचारायला आले."

तशी सुजातानं भोकाडच पसरलं. "मी एकटाच बसतोय की ओ आत्या! शेजारी कुणीबी न्हाय!" आम्ही कोल्हापूरच्या मुली असंच बोलतो, 'मी आलो, मी बसतो'.

आत्या विरघळली. "आगं, रडतीस कशाला बाय? पर हिची आय पाळी करून उशिरा येतीया. तवर पोरगीनं ऱ्हायाचं कुटं?"

"माझ्या घरी," बाई म्हणाल्या. विषय संपला.

दहावी होईपर्यंत रोज शाळा सुटली की मी बाईंच्या घरी. बाईंचे यजमान, आमचे काका, माझी गणितं तपासत. बाई भाकऱ्या थापत आणि पीठ मळायला मला बसवत. "तुझाच शब्द आहे तो," म्हणत. आज मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवते. उगाच मोठं करून सांगत नाही, बाई त्या रविवारी आल्या नसत्या, तर मी आजही कांड्याच भरत असते.

गेल्या वर्षी काका गेले. बाईंचं बाहेर पडणंच थांबलं. सत्काराचं विचारायला गेलेल्यांना म्हणाल्या, "हारतुरे नकोत मला. माझं बरं चाललंय." मग सत्कार समितीनं मला जायला सांगितलं. सुजाता आता मलकापूरला असते; मी तिला फोन केला, ती पहिल्या एसटीनं आली.

"कशा आहात, बाई?"

"बरं चाललंय."

मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. पुढचं ऐकायची सवय बाईंनीच लावलेली. शेवटी त्या म्हणाल्या, "हात अजून दोघांच्या भाकरी थापतोय गं. त्यांच्या वाटणीची उरते."

 सुजातानं पर्समधून कोपरे झिजलेला तो आठवीतला पुठ्ठा काढून बाईंच्या मांडीवर ठेवला. "बाई, आता तुमी गैरहजर हायसा. मग आमी घरी यायचं का न्हाय? नियम तुमचाच हाय की."

एवढ्या वर्षांत मी बाईंना रडताना प्रथमच पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अजून जपून ठेवलायस होय गं? बसा. जेवून जा दोघी."

तेव्हापासून आम्हा विद्यार्थिनींपैकी एक जण रोज संध्याकाळी बाईंकडे जाते आणि काकांच्या वाटणीची भाकरी खाते. सुजाता जमेल तेव्हा मलकापूरहून येते. बाई समारंभालाही येणार आहेत, फक्त लांबलचक भाषणं करायची नाहीत, असं त्यांनी आम्हाला बजावलं आहे.

बाई, तुमचे गुडघे धड राहोत, नजर साफ राहो आणि शंभरी ओलांडेपर्यंत तुमचा हात असाच दोघांच्या भाकरी थापत राहो. गुरुवारची भाकरी माझी आहे, पीठ मळायला मी येतेच.