खरा खेळ

खेळ अगदी खरा आहे असं तुम्ही म्हणता, तेव्हा त्यात नेमकं काय खरं असतं? बेअरिंगच्या ग्रीसचा वास आला की मला धरमपेठेतलं व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं. तिथल्या मशीनच्या पडद्यावर एक पोरगा चाकांच्या फळीवर उभा राहून उतारावरून सुटायचा. त्याचं वळणावर झुकणं इतकं हुबेहूब होतं, की बघणारेही झुकत. खोट एवढीच, की पडला तरी तो लगेच उभा राहायचा. दुकानाबाहेर दोन्ही पाय नसलेला एक माणूस बेअरिंग लावलेल्या फळीवर बसून भीक मागायचा. मे महिन्यातल्या एका दुपारी मशीनवर जिंकलेल्या मुलाने त्याला उचलून डांबरावर ठेवलं आणि फळी घेतली. "गाडी दे गा पोट्ट्या, हात जळून राहिले माहे," तो म्हणाला. "थांब नं बे, तुले कुठं चालत जायचं आहे?" सगळे हसले. मुलगा फळीवर उभा राहून सुटला आणि फळी नालीच्या कडेवर आदळून दुभंगली. "गेममध्ये असं नाही होत," म्हणत मुलगा पुन्हा आत खेळायला गेला. त्या माणसाने तुकडे झोळीत टाकले आणि तळहातांवर अंग ओढत रस्ता ओलांडला. आता माझा भाचा त्याच खेळाला अगदी खरा म्हणतो. तुमचं पोर असं म्हणालं, तर त्याला मे महिन्यातल्या दुपारी डांबरावर तळहात टेकवायला लावा. आधी तुमचे टेकवा.