फोटोत नसलेली बाई

माझं डोकं लवकर तापतं. वकिलाला हे परवडत नाही, असं माझ्या सिनियरनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, पण जित्याची खोड. मानवी हक्कांवर बोलायला बोलावतात तेव्हा मी जिंकलेले खटले रंगवून सांगते. हा मात्र टाळते, कारण यात चूक माझी होती.

अशील मराठवाड्यातली. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन चिखलीत आलेली, एका खोलीत राहणारी. चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ठेकेदाराच्या माणसाने दवाखान्यातच तिचं गेटचं कार्ड ‘नवीन करून आणतो’ म्हणून नेलं, ते परत आलंच नाही. मग कंपनी म्हणाली, ही बाई आमच्याकडे कधी नव्हतीच. ठेकेदारानेही हात वर केले. ती तिथे कामाला होती हे सिद्ध झालं नसतं, तर बोटं घरी विळीवर कापली असं म्हणायलाही ते मोकळे होते.

पुरावा म्हणून आमच्याकडे एक फोटो होता. संक्रांतीला कंपनीने बायकांना आतच हळदीकुंकू करू दिलं होतं, तेवढ्यापुरते मोबाइलही नेऊ दिले होते. मागे प्रेसची रांग, भिंतीवर कंपनीचा फलक आणि पुढे अकरा बायका, साडीवर ॲप्रन, डोक्यावर निळ्या टोप्या. अशिलाने तो मला पाठवला. डावीकडून तिसरी, बारीक चणीची, चेहरा टोपीखाली अर्धा झाकलेला, ती हीच असणार असं मी ठरवूनच टाकलं आणि फोटो कोर्टात दाखल केला.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी तोच फोटो तिच्यापुढे धरला. यात तुमच्या लाइनवरच्या सगळ्या बायका आहेत का, असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं. ती हो म्हणाली. मग तुम्ही कुठे आहात? ती म्हणाली, मी नाही. त्यांनी मान तुकवली आणि खाली बसले. तीही पुढे काही बोलली नाही, कारण विचारलं तेवढंच बोलायचं हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

बाहेर व्हरांड्यात मी तिच्यावर चांगलीच घसरले. तू फोटोत नाहीस तर पाठवलास कशाला, मला आधी सांगायला काय झालं होतं, वगैरे. ती पदराचं टोक चाचपत ऐकत राहिली.

“सवाष्णींचं असतंय ते, ताई,” ती म्हणाली. “मी कशी असंन त्यात? फोटो मीच काढलाय.”

त्याच संक्रांतीला मी रहाटणीत आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला जाऊन वाण घेऊन आले होते. शेजारच्या काकू तिथे नव्हत्या, आणि त्या का नाहीत असा प्रश्नसुद्धा मला पडला नव्हता. बाईच्या हक्कांवर मी तासभर बोलू शकते. भयंकर लाज वाटली. पण लाजून खटला चालत नाही. फोटो हिनेच काढला हे आता दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं.

फोटो काढला तो मोबाइल होता लाइनवरच्या सगळ्यात जुन्या बाईचा. चाकणजवळच्या गावातली, शेतकरी घरातली. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती ओसरीवर मेथी निवडत होती. मी कायदा सांगितला, समन्स येईल म्हणाले, साक्षीदाराला कुणी हात लावू शकत नाही असंही म्हणाले. ते तितकंसं खरं नाही हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिचा मुलगा त्याच ठेकेदाराच्या बसवर ड्रायव्हर होता. तिने चहा दिला, पण हो म्हणाली नाही. मी उठले तेव्हा जुडी बाजूला ठेवून बोलली.

“नोकरीचं सोडा. तिच्यासमोर कसं बोलू मी? तिला बाजूला मीच केली.”

तारखेच्या दिवशी ठेकेदार मागच्या बाकावर येऊन बसला. साक्षीदाराचा पुकारा झाला, कुणी आलं नाही. अशील माझ्याकडे बघत होती आणि मी फाइलमध्ये नसलेलं काहीतरी शोधत होते. दुसरा पुकारा झाला. कंपनीचे वकील पुरावा बंद करावा अशी विनंती करायला उठत होते, तेवढ्यात ती दारातून आत आली. ठेकेदाराकडे तिने पाहिलं, आणि त्याने पाहिलेलं तिलाही दिसलं.

शपथ झाली. फोटो कुणी काढला, मी विचारलं.

“तिनं. माझ्या मोबाइलवर.”

ती स्वतः फोटोत का नाही, हे मला विचारायचं होतं. माझ्याआधी न्यायाधीशांनीच विचारलं.

तिने कठडा धरला. “ती रांडाव हाय, सायेब. आमी तिला कुंकू न्हाई लावलं. मी म्हणले, तू बाजूला हो, फोटो काढ. रोज माझ्या शेजारच्या प्रेसवर असायची, आन् त्या दिवशी मी तिला बाजूला केली. मला उद्या कामाला घेणार न्हाईत, ते बी लिवा.”

न्यायाधीश म्हणाले, तेवढं लिहिता येत नाही. मग त्यांनी विचारलं, फोटो तिनेच काढला हे नक्की सांगू शकता का? बाईने पहिल्यांदाच माझ्या अशिलाकडे वळून पाहिलं.

“व्हय. तवा तिची पाची बोटं होती.”