बेबीताईनं पोरीच्या दातातला रुमाल काढला

बेबीताई माही ननंद. मागच्या महिन्यात गेली. तिच्या शाळेतल्या जुन्या पोरी तिच्यावर एक पुस्तक काढून राहिल्या, त्यात मीबी काही सांगावं असं माही लेक आरती म्हनते. मी चवथी शिकली. म्हनलं मले लिहिनं जमत नाई. तं आरती म्हने, आई, तू जसं बोलतं तसंच टाइप कर. हा फोनबी बेबीताईचाच हाये अन बोट कुठी दाबाचं ते तिनंच शिकवलं. म्हनून पयले त्याचेच उपकार.

तिचं लग्न हिवरखेडले झालं होतं. दोन वर्षांत नवरा तापानं गेला अन ती एक पेटी घेऊन आमच्या घरी वापस आली. मी तवा नवीन सून. शेजारच्या बाया मले सांगत, ननंद घरी बसली, आता तुहं काही खरं नाई. मी धाकात होती. बेबीताई आली, पेटी ठेवली अन मले एकच विचारलं, वयनी, पानी कोनत्या विहिरीवरून आनतं? बस. तवापासून मोठा हंडा तिचा अन लहान माहा. कधी उलटं झालं नाई.

मंग तिनं अमरावतीले जाऊन खेळ शिकवाचं शिक्षन घेतलं अन चांदूर बाजारच्या मुलींच्या शाळेत लागली. पँट घालून सायकलवर जाये. लोकं काय काय बोलत. ती मान वर करून निंगून जाये. मले वाटे हिले लोकाईचं भेवच नाई. ते खरं नोतं, पन मले लय उशिरा समजलं.

शाळेच्या मांगं मुरूम टाकून तिनं टेनिसचं मैदान केलं. चुन्याच्या रेघा मारल्या. जाळीले पैसा कोन देते? आमी कौंडण्यपूरच्या जत्रेले गेलो होतो, तठी नदीवरच्या एका भोयाकडून मासे धराची जुनी जाळी घेऊन आली. बॉल तिच्यात अडकला का पोरी म्हनत, बाई, मासा गवसला. त्या पोरीईत माही आरतीबी होती. आठवीत होती तवा, पन आंगात जोर मोठ्या पोरीवानी.

अन तिचा एक आवाज होता. बॉल मारताना पोटातून निंगे. हंऽ असा, मोठा. शाळेच्या भिंतीपलीकडे पानठेला होता. तठचे रिकामे पोट्टे तो आवाज ऐकत अन तसाच काढत, अन हसत. आरती सायकलवरून घरी येताना तिच्या मांगं हंऽ हंऽ करत. एकानं तं तिच्या बापाले रस्त्यात सांगतलं, रामरावभाऊ, तुमची पोट्टी लांबून ऐकू येते. आमचे हे घरी आले, जेवले नाई. म्हने, दहावी झाली का खेळ बंद, पोरगा पाहू.

बेबीताई भेली. भेली म्हनूनच तिनं ते केलं. आरतीले म्हने, आवाज बंद पायजे, आवाज बंद झाला तं लोकं बंद होतील. रुमालाचा कोपरा आरतीच्या दातात देल्ला अन म्हने असाच धरून खेळ, सुटला तं मैदानाले चक्कर. पोट्टीनं दोन वर्षं तसंच केलं. तोंड बंद, नाकानं फुसफुस. ठेल्यावरचे पोट्टे चूप झाले. पन आरतीचा बॉलबी चूप झाला. जाळीत जाये नाईतं लेचापेचा पडे. बेबीताई तिले पळवे, दोरीवर उड्या मारवे, अंडे खाऊ घाले. पोट्टी हाये तशीच. इतकी शिकलेली बाई, पन जोर कुठी गेला ते तिले सापडेना.

आरती दहावीत होती ते दोन हजार सातचं साल. कपाशीवर लाल्या रोग येऊन पीक गेलं होतं. त्या सालात आमच्याकडं कोनाच्याच घरात मोठ्यानं हसू नोतं. पऱ्हाटी उपटाले बाया लावाची सोय नोती, म्हनून घरचेच वावरात गेलो. शेजारची गंगूबाई आमच्यात आली, तिच्या वावरात मंग आमी जानार होतो. आयतवार होता तं बेबीताई अन आरतीबी आल्या.

ज्याईले माहीत नाई त्याईच्यासाठी सांगतो. कापूस वेचून झाला का झाडाचं वाळकं खोड उरते, ती पऱ्हाटी. ते मुळासकट काढा लागते. काळी जमीन सुकली का मूळ सोडत नाई. लोखंडी चिमट्यात धरून कंबरेतून वढा लागते. वढताना बाईच्या तोंडातून आवाज निंगतेच. एका रांगीत चार बाया असल्या तं वावर कन्हत हाये असं वाटते.

बेबीताईनं तोंडाले रुमाल बांधला होता, अन ओठ घट्ट. मास्तरीन बाई ना, रस्त्यावरून ओळखीचे लोकं जात होते. एक खोड धरलं. वढलं, नाई आलं. पुन्हा वढलं. चेहरा लाल झाला, खोड जागचं हाललं नाई. गंगूबाई मांगून पाहून राहिली होती. म्हने, "बाई, तोंड शिवून कायले ठेवलं वो? दम आत कोंडला तं हाताले जोर कुठून येईन?"

मी हसली. आरतीबी हसली. बेबीताईनं रुमाल खाली वढला, तोंड उघडलं अन वढलं. हंऽ असा आवाज निंगाला का बांधावरच्या साळुंक्या उडाल्या. अन खोड मुळासकट हातात. मूळ कोपरभर लांब होतं.

ती तशीच उभी राहिली, खोड हातात धरून. आरतीकडं पाहे. मंग वावराच्या धुऱ्यावर जाऊन बसली अन पानी पेली. मले वाटलं कंबर लचकली, तेल लावू का म्हनून गेली तं डोळ्यात पानी. तिनं आरतीले बोलावलं. म्हने, "माहं चुकलं बेटा. लोकाईच्या भेवानं म्या तुहा दम कोंडला."

आरतीनं पिशवीतून तो दातात धराचा रुमाल काढून आत्याच्या हातात देल्ला. एवढ्या वर्षांत म्या पयल्यांदा पायलं का मोठं मानूस लहान पोरीपुढं चुकलं म्हनते. आमच्या घरात कोनी म्हनत नोतं. त्या दिवसापासून माहाबी धाक गेला थोडा.

दोन महिन्यांनी अमरावतीले मुलींचे सामने झाले. जी जिंकन तिले तठच्या वसतिगृहात जागा, शिकनं अन खेळनं दोनी. बेबीताईनं भावाले सांगतलं होतं, जिंकली तं पोरगा पाहाचा नाई. हे म्हने, हारली तं पाहाचा. असं ठरलं होतं दोघाईचं. मी मधात होती, मले कोनी विचारलं नोतं.

शेवटचा सामना अकोल्याच्या इफ्फतसंग होता. नाजूक पोरगी, पन लय चपळ. तिचे शिकवनारे शफीक सर. मले टेनिसमंधलं काही समजत नाई. पंधरा म्हनतात, तीस म्हनतात, मंग पंचेचाळीस पायजे ना, तं चाळीस. पन पयला भाग आरती जिंकली एवढं समजलं. तिचा आवाज साऱ्या मैदानावर घुमून राहिला होता. तवा शफीक सर उठले अन पंचाकडं गेले. नागपूरचा पंच होता. त्यानं आरतीले सांगतलं, आता आवाज आला तं पॉइंट जाईन.

आरतीनं ओठ दाबले. झालं. दुसरा भाग गेला. बॉल जाळीत, बॉल बाहीर. मी हात जोडून बसली. माह्या डोळ्यापुढं पोरगा पाहाले येनारे पाहुने दिसून राहिले होते.

बाजू बदलाच्या वक्ताले बेबीताई पंचाकडं गेली. मीबी मांगं गेली, काहून का मले वाटलं आता भांडन होते. शफीक सर साधे मानूस, हळूच बोलले का मॅडम, माही इफ्फत बॉल ऐकून खेळते, रॅकेटवर किती जोरात बसला ते आवाजावरून समजते, तुमच्या पोट्टीचा आवाज लंबा जाते, बॉल इकडं आला तरी चालूच राहते. बेबीताईनं ऐकून घेतलं अन म्हने, सर, तुमचं बरोबर हाये. मले असा राग आला. इतक्या दूर एस्टीनं येऊन समोरच्याचं बरोबर हाये म्हनते.

मंग ती पंचाले म्हने, "आवाज लंबा गेला तं पॉइंट कापा, मी एक शब्द बोलनार नाई. पन मारतानाचा आवाज बंद नोका करू. तो तिचा दम हाये. सकाळी याच मैदानावर पोट्टे खेळले, ते काय मुके होते? त्याईले कोनी काही म्हनलं?"

पंचानं शफीक सराकडं पायलं. शफीक सरच म्हने, मॅडम ठीक बोलून राहिल्या, मारतानाचा चालते मले. पंच म्हने, बरं, लंबा गेला तं पॉइंट जाईन. बेबीताई आरतीजवळ आली. मले वाटलं आता कायबाय शिकवन. ती एवढंच म्हने, "पऱ्हाटी निंगाल्यावर कोनी वरडते का? निंगाली का बंद."

पोट्टीले समजलं. हंऽ, अन बंद. बॉल त्या बाजूले जाईपर्यंत सारं शांत. पंच कान देऊन ऐके, इफ्फत ऐके. दोनदा आवाज लंबा गेला, दोनदा पॉइंट गेला, बेबीताई खरंच बोलली नाई. तिसरा भाग लय वेळ चालला. आरती जिंकली. इफ्फतनं तिच्या गळ्यात हात टाकला. आता दोघी अकोल्यात एका शाळेच्या मैदानावर पोरी शिकवतात.

बेबीताईनं मले काय देल्लं ते मोजता येत नाई. पोट्टीचं शिकनं देल्लं, हे तं साऱ्याईले दिसते. पन अठ्ठावीस वर्षं एका चुलीवर राहून एक दिवस मले माह्या घरात परकं वाटू देल्लं नाई, हे फक्त मले माहीत हाये.

गेली त्या दिवशी आरती अन इफ्फत संगच आल्या. तिरडी उचलाची वेळ आली तं आरती म्हने, मी खांदा देतो आत्याले. चारदोन म्हातारे कुरकुरले. आमचे हे म्हने, देऊ द्या, तिचाच हक्क हाये. मी दाराशी होती, तोंडात पदर धरून. आमच्यात सुनेनं मोठ्यानं रडू नाई.

आरतीनं खांदा लावला अन उचलताना तिच्या पोटातून तोच आवाज निंगाला. हंऽ. रस्त्यावरच्या पानठेल्यावर बसलेले उठून उभे राहिले होते. कोनी हसलं नाई. उचलून झाली अन आवाज बंद झाला.

तवा म्या तोंडातला पदर काढला.