खड्ड्यातला सूर

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात जमिनीखाली बसून नाव कमावलेला माणूस एकच: आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आर्णीच्या जुन्या नाट्यगृहात रंगमंचापुढे वादकांसाठी खड्डा होता आणि त्यात, अर्धा रंगमंचाच्या फळ्यांखाली सरकवलेला, एक पियानो. तहसीलीतली नोकरी सांभाळून आतोबा वर्षानुवर्षं तिथे बसले, भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून, कारण खाली गार लागायचं. त्यांनी नाटक एकही पाहिलं नाही, ऐकली मात्र सगळी. डोक्यावरच्या पावलांवरून ते नट ओळखत, आणि ही खोड खड्ड्याबाहेरही सुटली नाही. एका लग्नात नवरदेव मांडवात शिरताच माझ्या कानाशी लागले, "याचा डावा पाय जड पडून राह्यला. हा विसरन पाहा." नवरदेव खरंच उखाण्यात अडकला. पियानोबद्दल विचारलं की म्हणायचे, "पियानो म्हणजे पंगतीतला वाढपी. ज्याचं पान रिकामं, त्याले वाढाचं. सोता जेवाले बसाचं नाही."

आत्या आमच्या नाट्यमंडळाची नायिका. गाण्याआधी ती आतोबांच्या डोक्यावरच्या फळीवर टाच दोनदा आपटायची, की खालून सूर यायचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली. नवी नायिका आली, तिला सूर मागायची सवय नव्हती, तरी तिच्या प्रवेशाआधी आतोबा थांबत, वर बघत आणि सूर देत. "कोणाले देता?" तबलजीने एकदा विचारलं. "मांगते तिले," आतोबा म्हणाले. त्या दिवसापासून तबलजी वर विंगेत बसू लागला आणि त्याच्यामागे बाकीचेही. खड्ड्यात आतोबा एकटे उरले.

मग मंडळाने ठरवलं की रंगमंचावर कीबोर्ड ठेवायचा, खड्ड्यावर फळ्या ठोकून खुर्च्या मांडायच्या. पियानो खालीच राहणार होता, कारण तो बाहेर निघतच नव्हता. आतोबा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मले एक डाव तिले सूर देऊ द्या."

फळ्या ठोकायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्यासोबत गेलो. नाट्यगृह रिकामं, पंखे बंद. आतोबा खाली उतरले आणि नुसते बसून राहिले. बराच वेळ गेला. मला ते बघवेना. मी अनवाणी रंगमंचावर गेलो आणि आत्याच्या जागेवर टाच दोनदा आपटली. खालून काही नाही. पुन्हा आपटली.

"बाबू, तू हाय काय?" खालून आवाज आला. "सरक तिथून. ते तिची जागा हाय."

चोरी पकडली गेल्यासारखा मी विंगेत जाऊन उभा राहिलो. शपथेवर सांगतो, मी हललो नाही. मी सोडलेल्या जागी टक, टक वाजलं आणि फळीच्या फटीतून थोडी धूळ उडाली. लगेच खालून सूर आला. त्यामागून आतोबा हळूच म्हणाले, "काहून वं, इतका उशीर?"



आता तिथे खुर्च्या आहेत. आतोबा वर कीबोर्डवर बसतात, नाटकं पाहतात आणि कुरकुरतात, "दिसाले लागलं, तं आयकू येनं बंद झालं." आत्या मला फार आठवते. त्या दिवशी ती आली, पण माझ्यासाठी नाही, हे मनातून जात नाही. म्हणून मी नेमका खड्ड्यावरच्या त्या रांगेत बसतो, चपला काढून, तळवे फळीला टेकवून. अजून तरी खालून ना टकटक आली, ना सूर.